आई गुण कधी धरायची

आमच्या वाडीत विहाराच्या मागे एक मैदान होतं. मैदान म्हणायचं आपलं. तीन बाजूंना जांभ्या दगडाचा गडगा आणि चौथ्या बाजूला उतार. चेंडू तिकडे गेला की थेट खालच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, आणि तो आणायला कोणी उतरायचं यावरून रोज भांडण. म्हणून आमच्याकडे क्रिकेट टिकलं नाही, कबड्डी टिकली. कबड्डीला चुन्याच्या चार रेघा लागतात आणि सोलवटून घ्यायला तयार असलेले गुडघे लागतात. दोन्ही आमच्याकडे भरपूर होतं.

१९९८ साली मी सातवीत होते. त्या वर्षी जयंतीच्या सामन्यांत वाडीच्या मुलींच्या संघातून पहिल्यांदा उतरले. माझं अंग चपळ होतं आणि तोंड त्याहून. पंचाशी वाद घालायला मी कधी मागे हटले नाही. आई मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कोळंबी सोलायला जायची. कामावरून सुटली की घरी न जाता सरळ गडग्याशी येऊन उभी राहायची, हाताला कोळंबीचा वास तसाच. वडील मुंबईला गोदीत होते, मे महिन्यात यायचे. त्यामुळे घरातलं आणि मैदानातलं सगळंच आईच्या ताब्यात होतं.

लग्नाआधी माहेरी आई स्वतः हुतूतू खेळायची, साडीचा काष्टा मारून. त्याबद्दल ती फार बोलायची नाही, पण मी चढाईला निघाले की तिचे पाय गडग्यापलीकडे जागच्या जागी हलायचे. आणि मी समोरच्या अंगणात पोचले की तिचा आवाज यायचा, "घरला ये गो! घरला ये!" इतर मुलींच्या आया शिव, धर, मार असं काय काय ओरडायच्या. माझ्या आईचं एकच. कोणाला शिवले की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसल्यासारखं.

ती गुण स्वतः मोजायची. डाव्या मुठीत चिंचोके घेऊन यायची. मी कोणाला शिवून मध्यरेषा ओलांडून परत आले की एक चिंचोका डाव्या मुठीतून उजव्या मुठीत जायचा. यात पंचाचं आणि तिचं एकच होतं, कारण चढाई करणारी परत आल्याशिवाय गुण नाही हा कबड्डीचा नियमच आहे. भांडण होतं ते बोनसवरून. समोरच्या अंगणातली बोनस रेषा ओलांडली की एक गुण मिळतो, मग तुमची पकड झाली तरी तो जात नाही. पंच तो द्यायचा, आई द्यायची नाही. घरी जेवताना आमची यावरून हमरीतुमरी व्हायची.

"अगं, फळ्यावर लिहिलाय तो गुण! सगळ्यांनी पाहिलाय!"

"तिकडंच राह्यलीस ना? मग तो गुण घरात कोन घेऊन आलं? मी नाय धरत," असं म्हणून ती माझ्या ताटात भात वाढायची. त्यामुळे मी जिंकून आलेल्या कित्येक सामन्यांत आईच्या हिशेबी आम्ही हरलेलो असायचो.

पुढे तालुका झाला, जिल्हा झाला, महाराष्ट्राच्या मुलींचा संघ झाला. दापोलीला एकदा जिल्ह्याचे सामने होते, तेव्हा आई सुट्टी टाकून एसटीने माझ्याबरोबर आली. तिथे कृषी विद्यापीठाची मुलं टोळक्याने सामने बघायला बसलेली. आईने सवयीप्रमाणे पहिल्याच चढाईला "घरला ये गो!" अशी आरोळी ठोकली आणि त्या पोरांना आयतंच सापडलं. पुढच्या चढाईपासून शंभरेक मुलगे एका सुरात ओरडायला लागले, "घरला ये गो! घरला ये!" लाजेने माझा जीव जायची वेळ आली. त्याच चढाईत तिघींनी मला धरलं, एकीने घोटा, दोघींनी कंबर. मी पडले, आणि पडल्या पडल्या दापोलीची तांबडी माती उकरत, बोटं ताणत मध्यरेषेला शिवले. तिघीच्या तिघी बाद. पोरं उभी राहिली. मी आईकडे पाहिलं तर ती शांतपणे तीन चिंचोके मोजून उजव्या हातात घेत होती.

अंगाला लागलेली सवय म्हणजे ही. कोणी धरलं की माझा हात विचार न करता घराच्या दिशेने जायचा. आणि कोणी हाताला लागलं नाही तरी समोरच्या अंगणातली ‘निदान रेषा’ प्रत्येक चढाईत ओलांडावीच लागते, तिच्यापलीकडे पाय टाकून वळायचं, की घर. हे मी दहा-अकरा वर्षं केलं.

मला काय हवं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मला देशाचा शर्ट हवा होता. कबड्डी खेळून मुलींना नोकऱ्या लागतात, चांगल्या लागतात, त्यात काही वाईट नाही. पण मला छातीवर देशाचं नाव असलेला शर्ट घालून एकदा, फक्त एकदा, मैदानात उतरायचं होतं. हे कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण आमच्याकडे अशी इच्छा बोलून दाखवली की लोक आधी हसतात आणि मग आपल्या भाच्याची गोष्ट सांगतात, तोही असाच हवेत होता म्हणून. देशाच्या संघाच्या शेवटच्या शिबिरापर्यंत मी दोनदा पोचले. दोन्ही वेळा बारा नावं वाचली गेली आणि माझं त्यात नव्हतं. दुसऱ्या वेळी खांदाही दुखावून आले. त्यानंतर कबड्डीतून बोलावणं आलंच नाही. मी रत्नागिरीतल्या एका शाळेत कंत्राटावर पीटी शिकवायला लागले आणि मुलांवर विनाकारण खेकसायला लागले.

२००९ मध्ये पुण्याहून फोन आला. लष्करातून निवृत्त झालेले एक सर मुलींचा रग्बीचा संघ बांधत होते. देशाचाच संघ. मुली मिळत नव्हत्या, कारण धरायला आणि धरून घ्यायला न घाबरणाऱ्या मुली आपल्याकडे दोनच ठिकाणी सापडतात, कुस्तीत आणि कबड्डीत. माझं नाव त्यांना कोणीतरी दिलं होतं. रग्बी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. देशाचा संघ एवढंच ऐकलं आणि हो म्हणाले.

शाळेच्या मोठ्या बाई स्पष्ट होत्या. "आता रजा नाही. गेलात तर तुमच्या जागी दुसऱ्या शिक्षिका घेऊ." त्यांचंही चुकीचं नव्हतं, मी आधीच बऱ्याच रजा खाल्ल्या होत्या. आईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसली होती.

"कसला खेळ हा?"

"चेंडू घेऊन पळायचं. लांबट चेंडू असतो, असोल्या नारळाएवढा."

"नारळ घेऊन पळायला पुन्याला जातंस? हितं काय कमी हायत?"

मी चिडले. ती त्याहून चिडली. लागलेली नोकरी सोडून, दुखऱ्या खांद्याने, कोणी कधी न ऐकलेला खेळ खेळायला पोरगी चालली, यावर कोणतीही आई चिडेल. दुसऱ्या दिवशी मी पुण्याची एसटी धरली तेव्हा ती कामावर गेलेली होती. डबा मात्र भरून ठेवला होता.

शिबिरात ओरिसाच्या मुली होत्या, मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या होत्या, कोल्हापूरच्या दोघी होत्या. त्या दोघी माझ्या बोलण्यातला हेल काढून दाखवायच्या आणि मी त्यांना टॅकल करताना, म्हणजे धरून पाडताना, त्याची परतफेड करायचे. संघ सात जणींचा, कबड्डीसारखाच. तेवढं सोडलं तर सगळं उलटं. पळायचं पुढे आणि चेंडू द्यायचा मागे. समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवायचा, त्याला ट्राय म्हणतात, त्याचे पाच गुण. धरण्यात मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या वरचढ होते. धरली गेले तरी सर खूश असायचे, कारण पडताना माझं अंग आणि हात आपोआप आमच्या बाजूला यायचे, आणि रग्बीत पडलेल्या मुलीने चेंडू नेमका तसाच आपल्या बाजूला सरकवायचा असतो. "हिला बघा," ते इतरांना म्हणायचे. मी फुशारून जायचे. फक्त चेंडू हातात आला की माझ्या तोंडून कबड्डी कबड्डी सुरू व्हायचं, तेही एका दमात, आणि अर्ध्या मैदानात डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यावर सगळे हसायचे. मीही हसायचे.

मग आपसातला पहिला सामना झाला. यातून अर्ध्या मुली घरी पाठवायच्या हे सगळ्यांना माहीत होतं. चेंडू माझ्याकडे आला, समोर दोघी होत्या, एकीला डावीकडे झुकून फसवलं, दुसरीच्या हातातून निसटले आणि पुढे मैदान मोकळं. अशी मोकळी चढाई मला आयुष्यात मिळाली नव्हती. पांढरी रेषा जवळ आली. मी उजवा पाय रेषेपलीकडे टेकवला आणि वळले.

वळले, आणि चेंडू पोटाशी धरून आमच्या बाजूला जिवाच्या आकांताने पळत सुटले. माझ्या संघातल्या मुली दोन्ही हात हलवून ओरडत होत्या, मला वाटलं कौतुक करतायत. समोरच्या संघातल्या मुली तर धरायचंच विसरल्या. मध्यरेषा ओलांडल्यावर मी हात वर केले. मग कोल्हापूरच्या एकीला हसू फुटलं आणि ती गवतावर लोळायला लागली.

सर हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पळतेस चांगली, धरतेस चांगली. पण रेषेवरून परत येणारी मुलगी मला संघात नको. थोडे दिवस सुट्टी आहे. घरी जा आणि काय ते ठरवून ये. पुढच्या सामन्यात असं झालं तर तुझं नाव नाही." मी मान हलवली.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती धीर देईल, नाहीतर सांगितलं होतं ना म्हणून ओरडेल. ती चक्क हसली.

"मग बरोबर तर केलंस. घरला आलीस ना?"

माझं डोकं फिरलं. "आई, तिथं घरी यायचं नसतं! घरी यायच्या सवयीनेच वाटोळं झालं माझं! कळतंय का तुला?"

"बरं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

सुट्टीत घरी आले तेव्हा ती माझ्याशी नेहमीसारखंच वागली, जेवायला वाढलं, खांद्याला तेल लावून दिलं, पण त्या फोनबद्दल एक शब्द नाही. मीही काढला नाही. रग्बीचा चेंडू रत्नागिरीत कुठून मिळणार? मी पडवीतल्या राशीतला एक असोला नारळ उचलला आणि मैदानावर गेले. उताराच्या टोकाला चुन्याची एक रेघ मारली. गडग्यापासून नारळ घेऊन पळायचं, रेघ ओलांडायची आणि नारळ जमिनीला टेकवून त्यावर पडून राहायचं. पहिल्या दिवशी कितीतरी वेळा माझा पाय रेघेपलीकडे पडला आणि अंग वळलं. मुद्दाम सावकाश पळून पाहिलं, तरी तेच. स्वतःच्याच पायांचा मला इतका राग कधी आला नव्हता.

आई कामावरून सुटून गडग्याशी येऊन उभी राहायची, पूर्वीसारखीच. पण तोंड बंद. ती ओरडली नाही तरी माझ्या कानात तिचंच ओरडणं होतं, आणि पाय तेच ऐकत होते. शेवटी मी वैतागून तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"नुसती बघत काय उभी राहतेस? ओरड की काहीतरी!"

"काय ओरडू?" ती म्हणाली. "तिकडंच रहा म्हनू?"

आणि पदर खोचून घराकडे चालायला लागली.

मी नारळ हातात घेऊन तिथेच उभी राहिले. तोपर्यंत मला तिचं ओरडणं म्हणजे खेळ वाटत होता. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांतला कोणी ना कोणी मुंबईला गेलेला होता आणि बहुतेक तिकडचाच झाला होता. माझे वडील वर्षातून एकदा पाहुण्यासारखे यायचे. आई स्वतः लग्न होऊन या वाडीत आली त्यानंतर माहेरच्या मैदानावर तिने कधी पाय ठेवला नव्हता. म्हणजे जो गेला तो राहिला, हेच तिने जन्मभर पाहिलं होतं. आणि तिच्या मुलीने तिला फोनवर ऐकवलं की परत यायच्या सवयीने माझं वाटोळं केलं. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून शर्टाची हाव कमी झाली नाही, हेही खरंच आहे. मी पुन्हा गडग्यापाशी गेले आणि पुन्हा पळाले.

निघायच्या आदल्या दिवशी मी एकदा रेघेपलीकडे नारळावर पडले ती उठलेच नाही. माती तापलेली होती, तोंडात गेली होती. वळायची ऊर्मी आली, पोटातून आली, मी दात आवळून पडून राहिले, आणि हळूहळू ती गेली. मान वर केली तर आई गडग्याशी होती.

"उठ," ती म्हणाली. "नारळाला तडा गेला. संध्याकाळी कालवनात घालू."

पुढच्या सामन्यात मी रेषेपलीकडे दोनदा गेले आणि दोन्ही वेळा चेंडूवर पडून राहिले. सर म्हणाले तेव्हाच उठले. नावं वाचायला सुरुवात झाली तेव्हा मी बुटांच्या नाड्या सोडत बसले होते, कारण पूर्वी दोनदा मी ताठ उभं राहून ऐकलं होतं आणि तसं पुन्हा ऐकायची हिंमत नव्हती. माझं नाव आलं. मी नाड्या पुन्हा बांधल्या.

शर्ट मापाला मोठा होता. पुरुषांसाठी शिवलेला असावा, बाह्या कोपरापर्यंत यायच्या. परदेशातल्या एका समुद्राकाठच्या गावात तो घालून मी मैदानात उतरले. आम्ही दणकून हरलो. समोरच्या मुली शाळेपासून हा खेळ खेळत आलेल्या, आम्ही काल-परवा शिकलेलो, दुसरं काय होणार? पण सामना संपत आलेला असताना चेंडू माझ्याकडे आला आणि कडेने वाट मिळाली. तिथल्या गर्दीत मला ओळखणारं कोणी नव्हतं, कोणी काय ओरडत होतं तेही समजत नव्हतं. रेषा आली, पाय पलीकडे पडला आणि एवढ्या लांबून, एवढ्या सगळ्यानंतर, मला स्वच्छ ऐकू आलं, घरला ये गो. मी चेंडू छातीखाली घेऊन त्या परक्या गवतावर पडले आणि पडल्या पडल्या रडले. मुलींना वाटलं मला लागलंय.

आईला फोन लावला. आवाज तुटत होता.

"आई, मी ट्राय केला! पाच गुण मिळाले!"

"एकदम पाच? सगळ्या बाद करून लोण दिलं तरी वरचे दोनच मिळतात. पाच कसले?"

"असतात इथं पाच. फळ्यावर लिहिलेत."

"बरं," ती म्हणाली. मग, "घरला कधी येतंस?"

एवढंच. शाबास नाही, बरं झालं नाही. मी फोन ठेवला आणि दिवसभर तोंड पाडून बसले. मला वाटलं, तिने मला माफ केलेलं नाही.

परतीला मुंबईहून गाडीत बसले आणि सकाळी रत्नागिरी स्टेशनला उतरले. आई मला न्यायला कधीच स्टेशनवर येत नसे, कामाचा खाडा पडतो म्हणून. त्या दिवशी ती फलाटावर उभी होती, पिशवी नाही, छत्री नाही, डावा हात पदराखाली. मी वाकले तर मला उठवलं आणि माझ्या खांद्याकडे बघितलं, नीट आहे ना म्हणून.

"आलीस?"

"आले."

तिने पदराखालचा हात बाहेर काढला. मूठ उघडली. तळहाताला घाम आलेला, आणि त्यात पाच चिंचोके. फलाटावरच्या माणसांसमोर तिने ते एकेक करून, अजिबात घाई न करता, उजव्या हातात घेतले.

"आता धरले," ती म्हणाली, आणि माझी बॅग उचलून पुढे चालायला लागली.